ग्रँट मंजूर, पण पैसे नंतर! आपल्या भागातल्या शेतीशास्त्राच्या पोरांनी कॉन्फरन्सला जायचं कसं?

येळ्ळूरकर_दादा (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळालंय ते एकदा लिहून टाकतो, लांबलं तर सांभाळून घ्या. आपल्या बेळगाव, खानापूर, चिकोडी, निप्पाणी भागातली पोरंपोरी आता शेतीशास्त्रात लई पुढं चाललीत, कोण धारवाडच्या कृषी विद्यापीठात, कोण अरभावीच्या हॉर्टिकल्चर कॉलेजात, कोण सीमाभागाच्या कोट्यातनं कोल्हापूर नाहीतर राहुरीला. आमच्या वेळी ॲग्री म्हणजे शेतकी खात्यात नोकरी नाहीतर खताचं दुकान, आता हीच पोरं पीएचडी करून पेपर लिहालीत.

माझी भाची त्यातलीच. प्लँट पॅथॉलॉजी म्हणजे पिकांच्या रोगांचं शास्त्र, विषय सोयाबीनचा तांबेरा, हा पानांवरचा बुरशीचा रोग. तिचं काम युरोपातल्या एका मोठ्या कॉन्फरन्सला पोस्टर म्हणून (म्हणजे मोठ्या फलकावर छापून मांडायला) निवडलं गेलं आणि एका सरकारी स्कीममधनं विमानाचं तिकीट आणि रजिस्ट्रेशन फी मंजूर पण झाली. घरात पेढे आले. मग मंजुरीचं पत्र नीट वाचलं तर पैसे परत आल्यावर! आधी आपण तिकीट काढायचं, फी भरायची, जाऊन यायचं, मग बोर्डिंग पास, फीची पावती, हजेरीचं सर्टिफिकेट असं सगळं गाईडच्या सहीने आणि ऑफिसच्या शिक्क्याने पाठवायचं आणि वाट बघत बसायचं. फी ५००-६०० युरो, तिकीट ७०-८० हजार, व्हिसा, इन्शुरन्स, राहणं-खाणं, सगळं धरून दीड-पावणेदोन लाख आधी हातात पाहिजेत. जेआरएफ म्हणजे संशोधनाची फेलोशिप महिन्याला ३७ हजार, आणि ती तरी महिन्याच्या महिन्याला येतीया होय. बहिणीने पाटल्या काढून ठेवल्या सोसायटीत गहाण टाकायला.

आता बघा, हे पैसे शेवटी सरकार देणारच आहे. म्हणजे अडचण पैशाची नाही, मधल्या सहा-आठ महिन्यांची आहे. ज्याच्या बापाकडे दोन लाख पडून आहेत त्याला ही ग्रँट मिळते, ज्याच्याकडे नाहीत तो मंजुरीचं पत्र फ्रेम करून भिंतीला लावतो. आपल्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था, सोसायट्या, भिश्या. गणपतीची वर्गणी एका आठवड्यात गोळा होते. मग या पोरांसाठी एक फिरता निधी का नसावा? देणगी नको, सत्काराचे हार-शाल तर नकोच. पैसे आधी द्यायचे, बिल पास झालं की परत घ्यायचे, मग पुढच्याला द्यायचे. जाणकारांनी मतं मांडावीत.

लॅबवाली_अक्का:

दादा, नेमक्या दुखण्यावर बोट ठेवलंत. मी या स्कीमांचे फॉर्म भरणाऱ्या पोरांना मदत करते म्हणून थोडं लिहिते. ३५ वर्षांच्या आतल्यांसाठी सर्ब या केंद्राच्या संशोधन मंडळाची इंटरनॅशनल ट्रॅव्हल सपोर्ट म्हणून स्कीम होती, सर्ब आता एएनआरएफ या नव्या संस्थेत गेलं, तेव्हा जुन्या वेबसाइटच्या लिंका उघडत बसू नका. डीबीटी म्हणजे केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी खात्याची सीटीईपी स्कीम आहे, सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेची विद्यार्थ्यांसाठी आहे. बहुतेक ठिकाणी इकॉनॉमीचं तिकीट, फी, व्हिसा एवढंच, राहण्या-जेवणाचं सहसा कुणी देत नाही. आणि सरकारी पैशाचं विमान तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तिघांकडूनच काढायचा नियम आहे. पोरं हौसेने मोबाईलवर दोन हजार स्वस्त तिकीट शोधून काढतात आणि नंतर बिल अडकतं. पूर्वी एअर इंडियाच पाहिजे असायची, ते २०२२ ला कंपनी टाटांकडे गेल्यावर सुटलं.

अजून एक कुणी सांगत नाही ते सांगते. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाला, बँकेचं स्टेटमेंट लागतं, मागच्या काही महिन्यांचं. आदल्या दिवशी मामाने खात्यात दोन लाख टाकले तर ते तिथे बरोबर दिसतं आणि बघणारा शंका घेतो. म्हणजे तुमचा तो फिरता निधी तिकिटाच्या वेळी देऊन उपयोग नाही, तीन-चार महिने आधी खात्यात पडायला हवा. नाहीतर निधीचं पत्र तरी पक्क्या लेटरहेडवर पाहिजे, संस्थेच्या ऑडिट रिपोर्टसकट. व्हिसाची फी ९० युरो, ती व्हिसा नाकारला तरी परत येत नाही.

उगारचा_ऊसवाला:

दादा राग मानू नका पण मी जरा उलटं बोलतो. ही पोरं युरोपला जाऊन फोटो टाकणार, आयफेल टॉवरसमोर उभारणार, आणि आमच्या शेताला त्याचा काय उपयोग ओ? उसाच्या मुळाला हुमणी अळी लागली की आम्ही दुकानदाराला विचारतो, शास्त्रज्ञाला न्हाई, कारण शास्त्रज्ञ भेटतोच कुठं. आमच्या पतसंस्थेतला पैसा हा ऊस घालून आलेला पैसा हाय. कारखान्याचं बिल वेळेवर न्हाई आणि तुम्ही तिकडं विमानाची तिकिटं काढायला निघाला. आधी त्या पोरांनी आमच्या बांधावर एक कॉन्फरन्स घ्यावी, चहा आम्ही पाजतो.

संकेश्वरचे_निवृत्त:

ऊसवाले, बांधावरच्या कॉन्फरन्सला शंभर टक्के अनुमोदन. पण २००२ आठवतं का? तुमच्या पट्ट्यात, कृष्णाकाठी, उसावर लोकरी मावा ही कीड आली. पानाखाली पांढरा कापूस चिकटवल्यासारखा, खालच्या पानावर काळी बुरशी, उसात शिरून बाहेर आलं की कपडे चिकट. सांगलीकडनं आला आणि बघता बघता आपल्याकडे पसरला. लोकांनी पंप लावून औषधं मारली, पण उभ्या उसात मारणार कुठं आणि किती. तो आटोक्यात आला मित्रकिड्यांनी, डिफा आणि मायक्रोमस. डिफाच्या अळ्या असलेली पानं या प्लॉटमधून काढून त्या प्लॉटमध्ये टाचत फिरलोय आम्ही, तुम्हीही फिरला असाल. नंतर एन्कार्सिया ही बारीक गांधीलमाशी आसामातनं आणून सोडली. तो मावा ईशान्येकडच्या उसात आधीपासून होता, म्हणून त्याला खाणारेही तिकडे होते. आता आसामातल्या उसात कोणता किडा कुणाला खातो हे इथल्या माणसाला कसं कळणार? तिकडं कामाला असलेल्या माणसाची ओळख असेल तर. आणि या ओळखी आमच्या पिढीत अशाच झाल्या, कुठल्यातरी संमेलनात, जेवणाच्या रांगेत, ताट हातात घेऊन. पेपर नंतर वाचता येतो ओ, माणूस वाचता येत नाही.

उगारचा_ऊसवाला:

लोकरी मावा आठवतो की. अंगावरचे शर्ट जाळून टाकले होते. बरं, बोला पुढं.

तांबेऱ्याची_पोर:

मीच ती भाची. मामांनी धागा काढलाय हे आत्ता मैत्रिणीने सांगितलं, पाटल्यांचं लिहायची काय गरज होती मामा, आई ओरडालीय.

ऊसवाले काका, तुमच्या उगारचंच उदाहरण देते. आपल्या कृष्णाकाठचा पट्टा तांबेऱ्याचं घर आहे आणि उगार खुर्द हे तांबेरा हमखास येणारं ठिकाण म्हणून सोयाबीनच्या वाणांच्या चाचणीला वापरलेलं गाव आहे. कारण तुमच्याकडे उसाचं पाणी, आणि त्या पाण्यावर उन्हाळी सोयाबीन. तांबेऱ्याच्या बुरशीला जगायला हिरवं पान लागतं, ते तिला तुमच्याकडे बारमाही मिळतं. मग ऑगस्टमध्ये पावसाची झड लागली, पान रात्रभर ओलं राहिलं की खरिपाच्या पिकावर पानाच्या मागे तपकिरी पुटकुळ्या, बोट फिरवलं की तांबूस पूड बोटाला लागते, आणि शेंग भरायच्या आत पानं गळून जातात. १९९४ च्या मोठ्या साथीपासून आपण हे बघालोय. जेएस ३३५ हे सोयाबीनचं जुनं वाण त्याला लगेच बळी पडतं, म्हणून धारवाडचं डीएसबी २१ हे वाण आलं, सांगलीच्या कसबे डिग्रजचं फुले संगम आलं.

आता ब्राझीलमध्ये हाच रोग २००१ च्या सुमारास पोचला. तिथल्या राज्यांनी २००६ पासून नियम केला की वर्षातले ठरावीक दोन-तीन महिने शेतात सोयाबीनचं एकही हिरवं झाड दिसायला नको, आपोआप उगवलेलं सुद्धा उपटायचं. बुरशीची साखळी तोडायची म्हणून. तरी तिकडे तोच तो औषधांचा गट मारून मारून बुरशी औषधाला दाद देईनाशी झालीय. आपण हेक्साकोनॅझोल हे बुरशीनाशक मारत बसलोय, आपल्याकडे ते कधी होईल? हे मला त्या माणसांना विचारायचंय ज्यांनी वीस वर्षं हे भोगलंय. ईमेल पाठवून बघितल्या, कोण उत्तर देत नाही, द्यायला त्यांना तरी वेळ कुठाय. पण पोस्टरसमोर दोन तास उभं राहिलं की तीच माणसं चष्मा वर करून वाचतात आणि स्वतः विचारतात, हा डेटा कुठला, हे गाव कुठं आहे. २०२३ ला व्हिएन्नाला सोयाबीनची जागतिक परिषद झाली तेव्हा मला फक्त ॲबस्ट्रॅक्टचं पीडीएफ वाचायला मिळालं.

आयफेल टॉवरचा फोटो मात्र टाकणार काका, कॉन्फरन्स तिकडं असेल तर.

उगारचा_ऊसवाला:

टाक बाई टाक. पण आल्यावर उगारला येऊन सांगायचं, मराठीत. उन्हाळी सोयाबीन बंद करा म्हणालीस तर लोक मारायला उठतील, ते पण बघून ठेव.

कोट्यातला_पोरगा:

मी सीमाभाग कोट्यातनं महाराष्ट्रात शिकलो. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांच्या यादीत आमचं गाव आहे म्हणून ॲडमिशन मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुढे संशोधनाची फेलोशिप म्हटलं की सारथी असो की बार्टी की महाज्योती, महाराष्ट्र सरकारच्या या संस्था महाराष्ट्राचं डोमिसाइल (रहिवासी दाखला) काढा म्हणतात. आमचं डोमिसाइल कर्नाटकचं. कर्नाटकातल्या स्कीमला गेलो तर संस्था कर्नाटकातली पाहिजे म्हणाले. दोन्हीकडच्या खिडकीवर कागद खरा, माणूस चुकीचा. कॉन्फरन्सच्या पैशाचं तर विचारूच नका. त्यामुळे दादांच्या निधीत एक नियम टाका, पोरगं शिकतं कुठं हे बघायचं नाही, गाव आपलं असलं की झालं.

बेळगाव_एक्सप्रेस:

हे सगळं कशामुळे झालंय माहिताय ना? १९५६ ला जर

येळ्ळूरकर_दादा:

एक्सप्रेसराव, पाया पडतो, सीमावादासाठी वेगळे दहा धागे आहेत, तिथं भांडू, मी पण येतो. इथं निधीवर बोला. कोट्यातल्या पोराचा मुद्दा पक्का घेतला. कन्नड घरातलं आपल्या गावचं पोर आलं तरी द्यायचं, हे माझ्याकडनं.

लॅबवाली_अक्का:

दोन धोक्याच्या सूचना. एक, बोगस कॉन्फरन्सेस. "डिअर एमिनंट सायंटिस्ट" म्हणून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मेल येतो, शेती, नॅनोटेक, कॅन्सर सगळं एकाच हॉलमध्ये, ठिकाण दुबई नाहीतर बँकॉक, ॲबस्ट्रॅक्ट पाठवल्यावर सहा तासांत सिलेक्ट. असल्या धंद्यातल्या आपल्या हैदराबादच्याच एका कंपनीला अमेरिकेच्या कोर्टाने २०१९ मध्ये ५ कोटी डॉलर भरायला लावले. निधीच्या कमिटीत कुणीतरी विषयातला माणूस पाहिजे, नाहीतर पतसंस्थेचे पैसे या मेलवाल्यांच्या घशात जातील. साधी खूण म्हणजे ती कॉन्फरन्स कुठल्या जुन्या सोसायटीची आहे का, मागच्या वेळी कुठं झाली होती, तुमच्या गाईडच्या ओळखीचं कुणी तिथं गेलं होतं का.

दोन, सगळी पोरं परदेशाकडेच बघतात. उसावर काम करणाऱ्याने आधी कोइमतूरचं ऊस पैदास केंद्र, पुण्यात मांजरीची व्हीएसआय ही उसाची संशोधन संस्था, डीएसटीए या साखर तंत्रज्ञांच्या संघटनेचं अधिवेशन हे करावं. रात्रीच्या बसने जाऊन येता येतं, पंधरा हजारात भागतं. आणि जग कधीकधी दारातच येतं. फेब्रुवारी २०२३ ला आयएसएससीटीची, म्हणजे ऊसवाल्यांची जागतिक काँग्रेस हैदराबादला भरली होती, तीन वर्षांतून एकदा होते. आपल्या भागातली किती पोरं गेली? फी बघूनच घरी बसली. पुढची २०२५ ला गेली कोलंबियात, कालीला. आता जा म्हणावं.

तांबेऱ्याची_पोर:

अक्का, हे पटलं पण अर्धंच. पुण्याला गेलं की आपलेच सर, आपलेच सिनियर भेटतात, सगळे एकमेकांना "छान काम" म्हणतात. नवीन प्रश्न कुणी विचारत नाही. पण एमएस्सीवाल्यांना पुणे-कोइमतूर आणि पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला बाहेर, असं करता येईल.

शिवाय आयोजकांना सरळ विचारायला लाजू नये. बऱ्याच सोसायट्या तरुणांना फी माफ करतात, थोडी ट्रॅव्हलची मदत देतात, फक्त त्याची तारीख ॲबस्ट्रॅक्टच्याही आधी असते. गव्हावर काम करणाऱ्या मुलींसाठी बोरलॉग रस्ट इनिशिएटिव्हचा विमेन इन ट्रिटिकम हा पुरस्कार २०१० पासून आहे, त्यात ट्रेनिंग पण असतं. आपल्याकडे खपली गव्हावर काम करणाऱ्या पोरी आहेत, त्यांनी बघावं. सोयाबीन आणि उसाला असलं काही मला अजून सापडलेलं नाही.

खडेबाजार_प्रिंट:

मध्येच घुसतो. पोस्टर कागदावर छापू नका, कापडावर छापा. कागदाचा लांब नळा विमानात केबिनमध्ये घेताना वाद होतो आणि सामानात टाकला की दबतो. कापडाचा ए-झिरो, म्हणजे पोस्टरचा मोठा आकार, घडी घालून शर्टाबरोबर बॅगेत जातो, चुरगळला तर हॉटेलात इस्त्री मारायची, उलट्या बाजूने. आणि उभा पाहिजे की आडवा ते आयोजकाला विचारून मगच या, आमच्याकडे दरवर्षी कुणीतरी आडवा छापून नेतो आणि तिथं बोर्ड उभे असतात, मग रात्री अकराला फोन.

पतसंस्था_कॅशियर:

धागा पहिल्यापासून वाचला. मी एका पतसंस्थेत कॅशियर आहे, नाव लिहीत नाही, चेअरमन पण इथं वाचतात. कल्पना चांगली आहे पण "फिरता निधी" असं नुसतं म्हणून चालत नाही. पतसंस्थेचा पैसा ठेवीदारांचा, तो बिनव्याजी, बिनजामीन देता येत नाही, ऑडिटर पहिल्यांदा तिथेच लाल शाई मारतो. दोन रस्ते आहेत. नफ्यातनं धर्मादाय किंवा शिक्षणासाठी जी रक्कम बाजूला काढतात ती जनरल बॉडीत ठराव करून यासाठी ठेवायची, तिचा फिरता निधी करता येतो, पण ती रक्कम छोटी असते. नाहीतर सरळ साधं कर्ज, मंजुरीचं पत्र तारण म्हणून फाईलला, दोन जामीनदार, आणि व्याज निधीतनं भरायचं. म्हणजे पोराला बिनव्याजी पडतं आणि संस्थेचं नुकसान नाही. दुसऱ्या रस्त्याला पैसा कमी लागतो. पावणेदोन लाखाचं आठ महिन्यांचं व्याज किती होतं बघा, साधारण बारा टक्क्यांनी १४ हजार. म्हणजे लाखभर रुपये वर्गणी जमली तरी सहा-सात पोरं जाऊन येतील.

भिशीचं म्हणाल तर भिशी नको. भिशीत नंबर लागतो, कॉन्फरन्सची तारीख नंबर बघून येत नाही.

येळ्ळूरकर_दादा:

हे लई भारी बोललात कॅशियरसाहेब! मी उगाच दहा लाखाचा निधी डोळ्यासमोर धरून बसलो होतो. नुसतं व्याज भरायचं असेल तर आमच्या गल्लीतच जमतंय. फक्त एक शंका, बिल पास झालंच नाही तर? व्हिसाच नाकारला, किंवा ऑफिसने एखादा कागद चुकीचा म्हणून परत पाठवला?

लॅबवाली_अक्का:

व्हिसा नाकारला तर तिकीट रद्द करून निम्मे तरी येतात, म्हणून परत मिळणारं तिकीट काढायचं, हजार-दोन हजार जास्त गेले तरी. कागदाचं म्हणाल तर बिलं अडकतात ती नव्वद टक्के बोर्डिंग पास हरवल्यामुळे नाहीतर तिकीट भलत्या एजंटाकडनं काढल्यामुळे. पोरगं जायच्या आधी त्याला अर्धा तास बसवून समजावलं की झालं. ते काम माझ्याकडे द्या.

पतसंस्था_कॅशियर:

तरी अडकलं तर जामीनदार आहेत की. जामीनदार कशाला असतो मग? पण एक जामीनदार घरचा चालेल, दुसरा गावातला पाहिजे, म्हणजे पोरगं आल्यावर बिल लावायला टाळाटाळ करणार नाही. गाईड जामीन राहतील का?

तांबेऱ्याची_पोर:

गाईड सही करायलाच तीन आठवडे लावतात सर, जामीन कुठले राहतात.

उगारचा_ऊसवाला:

दुसरा जामीन मी राहतो या पोरीला. अट तीच, आल्यावर उगारला मीटिंग. आणि ते डीएसबी २१ चं बी कुठं मिळतंय तेवढं सांग आधी, सोसायटीत विचारलं तर जेएसच हातात ठेवालेत.

तांबेऱ्याची_पोर:

काका, धारवाडच्या विद्यापीठाच्या बियाणे विभागात, नाहीतर जूनच्या आधी मत्तीकोप्पच्या केव्हीकेत, म्हणजे कृषी विज्ञान केंद्रात, चौकशी करा. उशीर केला तर संपतं. व्यनि (खाजगी निरोप) करते.